यजमानाला ठिपका नसतो

धाकटीने पाटी दाराला लावली, दोन पावलं मागे जाऊन पाहिली आणि पुढे येऊन डावा कोपरा केसभर वर सरकवला. पाटी मघाशीही सरळच होती, पण वीस वर्षं डिझायनर म्हणून काढलेल्या माणसाला ते पटत नाही. पाटीवर दोनच ओळी होत्या. हिरवा ठिपका: माझ्याकडे काम आहे. पिवळा ठिपका: मला काम हवं आहे. फिकट करडी, सडपातळ अक्षरं आणि भोवती ऐसपैस कोरी जागा. पाटीखालच्या टेबलावर चिकटवायच्या गोल ठिपक्यांचे कागद होते. येणाऱ्याने आपला ठिपका उचलायचा, छातीवर लावायचा आणि आत जायचं.

शहरातल्या डिझायनर मंडळींचा हा मेळावा दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी चारला, वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायचा. मंडळी रंगांवर बोलत, अक्षरांवर भांडत, बिस्किटांचा फडशा पाडत आणि पोटातली गोष्ट पोटातच घेऊन घरी जात. कामाचं विचारायचं कुणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी तयार नव्हतं. म्हणून धाकटीने ही ठिपक्यांची शक्कल काढली होती.

खिडकीशी तिची थोरली बहीण कॉफीचे कप मांडत होती. ताई पस्तीस वर्षं नर्स होती, आता निवृत्त. दोन दिवस राहायला आली होती आणि एवीतेवी घरी बसून काय करू म्हणत मागोमाग आली होती. चष्मा मात्र घरी विसरली होती.

"ती पाटी तू केलीस?" तिने लांबूनच विचारलं. "अक्षरं आहेत की मुंग्या गं?"

मग ती टेबलाशी आली, ठिपके बोटाने चाचपले आणि आपणही एक लावू का म्हणाली. धाकटी जिन्याकडे बघत होती. लाव की, म्हणाली ती, न बघताच.

तिचं सगळं लक्ष जिन्याकडे होतं, कारण आज खोकेवाले साहेब येणार होते. बिस्किटांपासून साबणापर्यंत अर्ध्या शहराची खोकी ज्यांच्या हाताखाली तयार व्हायची, ते. निरोप आला होता, नक्की येतो. टेबलाखाली धाकटीच्या कामाची काळी पिशवी होती. आठ महिन्यांपूर्वी तिला कामावरून काढलं होतं. ताईला यातलं काही ठाऊक नव्हतं. याच ताईने दुहेरी पाळ्या करून तिला शिकवलं होतं, आणि तिचा दुपारी फोन आला की धाकटी "मीटिंगमध्ये आहे गं" म्हणून सांगायची आणि पुन्हा कांदा चिरायला घ्यायची. मंडळींनाही तिने पत्ता लागू दिला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज साहेबांनी हिरवा ठिपका लावला की पिशवी काढायची, काम दाखवायचं, आणि नवी नोकरी लागल्यावर ताईला जुनी गेल्याचं हसत हसत सांगायचं, असं तिने ठरवलं होतं.

मंडळी आली. पहिल्या चौघांनी पिवळा घेतला. पुस्तकांची मुखपृष्ठं करणारी एक बाई हिरव्या कागदाशी थबकली, मग तिनेही पिवळाच उचलला. आणखी सात आले, सातही पिवळे. एकाने जाता जाता विचारलं,

"मॅडम, तुमचा कुठाय?"

"यजमानाला ठिपका नसतो," धाकटी म्हणाली, आणि तो हसला.

पावणेपाचला खोकेवाले साहेब आले. एकटेच, दाढी वाढलेली. धाकटी उठून उभी राहिली. त्यांनी नमस्कार केला, पाटी वाचली, पुन्हा वाचली. मग खालमानेने पिवळा ठिपका काढला.

"हाच ना?" त्यांनी विचारलं.

"हो सर," धाकटी म्हणाली. यजमानीण म्हणून ती हसली. बिस्किटं तिकडे आहेत, एवढं तिने सांगितलं.

ते आत गेल्यावर तिने पायाने पिशवी टेबलाखाली आणखी मागे ढकलली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? काहीतरी करायचं म्हणून ती उरलेले ठिपके मोजायला बसली. हिरव्यांचा कागद चाळीसचा होता, आणि भरले एकोणचाळीस. तिने पुन्हा मोजले. एकोणचाळीसच. म्हणजे या खोलीत एक माणूस होता ज्याच्याकडे काम होतं, आणि तो तिच्या नाकासमोरून आत गेला होता.

माणसाला आशा किती लागते? एका ठिपक्याएवढी पुरते. धाकटीने पिशवी ओढून काढली, खांद्याला लावली आणि एकेकाच्या छातीकडे बघत खोलीभर फिरली. पिवळा, पिवळा, पिवळा. खिडकीशी मात्र रांग लागली होती. कॉफी काही एवढी चांगली नव्हती. तो माणूस तिथेच असणार, म्हणून ती रांगेच्या कडेने पुढे सरकली.

रांगेच्या तोंडाशी खुर्चीवर ताई बसली होती. राखाडी स्वेटरवर हिरवा ठिपका. मांडीवर बिस्किटांच्या पुड्याचा उलटा कागद, हातात पेन. समोर खोकेवाले साहेब दोन्ही हातांत कप धरून बसले होते.

"किती दिवस झाले?" ताई विचारत होती.

"पाच आठवडे."

"झोप लागते?"

साहेबांनी मान हलवली. नाही.

"घरी सांगितलंय?"

ते कपात बघत राहिले.

"सांगून टाका," ताई म्हणाली. "दुखणं अंगावर काढू नये."

साहेबांनी खिशातून कार्ड काढून तिला दोन्ही हातांनी दिलं. जुनंच कार्ड होतं, त्यावरचा हुद्दा पेनाने खोडलेला. तिला पुढे होऊन सगळ्यांना सांगायचं होतं, की ही माझी बहीण आहे, हिच्याकडे काही नाही. पण रांगेतल्या लोकांनी केस नीट केले होते, मोबाइलवर आपली कामं उघडून ठेवली होती. ती खांद्यावरची पिशवी सावरत दाराशी परत गेली.

सहाला खोली रिकामी झाली. जाताना माणसं हसत होती, एवढा छान मेळावा झालाच नव्हता म्हणत होती. मुखपृष्ठवाल्या बाईने तर धाकटीचे हात हातात घेतले. ती गेल्यावर ताई कागद घेऊन आली.

"तेवीस जण आहेत. बिचारी गुणी माणसं गं, सगळ्यांचं एकच दुखणं. काही होईल का, काही होईल का. मी छातीठोकपणे सांगितलं, माझी बहीण बघेल. एवढं मोठं ऑफिस तुझं. सोमवारी दहानंतर फोन करतील, नंबर तुझा दिलाय."

ताईने विचारलं, एखाद-दोघांचं तरी होईल ना? तेव्हा तिने टेबलावरचा पिवळा कागद ओढला. त्यावर अजून ठिपके उरले होते. त्यातला एक तिने काढून छातीवर लावला आणि अंगठ्याने नीट दाबला.

"आता निघताना कसला ठिपका?" ताई म्हणाली.

धाकटीने पाटीकडे बोट केलं. ताईने धाकटीच्या गळ्यात लटकणारा चष्मा काढून घेतला, डोळ्यांना लावला आणि पाटीला जवळजवळ नाक टेकवून दोन्ही ओळी वाचल्या. वाचताना तिचे ओठ हलत होते. मग तिने मान खाली घालून स्वतःच्या स्वेटरकडे पाहिलं. ठिपका नखाने काढायला गेली, तर त्याच्याबरोबर लोकर उपटून येऊ लागली, म्हणून तिने तो तसाच राहू दिला. धाकटी दारातच उभी होती. तिला रडू आवरत नव्हतं.

ताईने उचलून ठेवलेल्या खुर्च्यांतल्या दोन पुन्हा खाली घेतल्या, समोरासमोर मांडल्या. एकीवर ती स्वतः बसली, दुसरीवर धाकटीला बसवलं. कागद मांडीवर पसरला आणि तेविसाव्या नावाखाली चोवीसचा आकडा घातला.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.