कुमुदताईंचा आवाज

त्या खेळात मारामारी नव्हती, बंदूक नव्हती, जिंकणं-हरणंही नव्हतं. डोंगरातल्या एका रिकाम्या घरात नुसतं चालायचं, कपाटं उघडायची, खिडकीबाहेरचं धुकं बघायचं आणि खोलीखोलीतून कानावर पडणाऱ्या आवाजावरून घरातल्या हरवलेल्या बाईचं काय झालं ते समजून घ्यायचं. नोएडाच्या ऑफिसात सुधन्वा आणि त्याची टीम त्यावर दोन वर्षं खपली होती. बाईचा आवाज होता सुधन्वाच्या आईचा, कुमुदताईंचा. निदान मयूर विहारच्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना तसंच ठाऊक होतं.

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या कुमुदताईंनी मे महिन्यात, घरघर नको म्हणून पंखा-कूलर बंद करून, डोक्यावर रजई घेऊन बेचाळीस वाक्यं म्हटली होती. तेही दिल्लीच्या मे महिन्यात! घामाने साडी भिजली तरी त्या म्हणत होत्या, "परत घे रे, 'दार लोटून घे' नीट नाही आलं."

महिन्याभराने सुधन्वाचा बॉस अनुराग म्हणाला, "यार, आंटी की आवाज़ में वो बात नहीं है. प्रोफेशनल ले लेते हैं."

सुधन्वा म्हणाला, "बिल्कुल."

एवढंच. आईसाठी भांडणं दूरच, त्याने एक 'पण'सुद्धा काढला नाही. मग तिला सांगणं आज-उद्यावर ढकलत सात महिने गेले. भित्र्या माणसाला कामं फार असतात.

आणि आता आलं संक्रांतीचं हळदीकुंकू. "चारला ये आणि तो खेळ टीव्हीला लाव, सगळ्यांना बोलावलंय," असा आईचा हुकूम. आधी स्वयंपाकघरात गाठून तिला सांगून टाकायचं, असं मेट्रोत त्याने पक्कं ठरवलं. घरात शिरला तर दिवाणखान्यात नऊ बायका तिळगूळ चघळत टीव्हीकडे तोंड करून बसलेल्या.

"आई, जरा आत ये ना. बोलायचंय."

"नंतर रे. बायका खोळंबल्यात. चलो, लाव!"

त्याने लावला. पडद्यावरचं दार उघडलं, फरशीवर पावलं वाजली आणि एक हळवा, कमावलेला, परका आवाज म्हणाला, "दार लोटून घे. वारा येतो आत."

शेजारच्या प्रमोदिनीबाई ताडकन म्हणाल्या, "अगं कुमुद, ही तू नाहीस!"

कुमुदताईंच्या हातात कुंकवाचा करंडा होता. तो त्यांनी उगाच दोनदा बंद केला. मग हसल्या. "नाहीच मुळी. मीच म्हटलं त्याला, माझा घोगरा आवाज कशाला, चांगली शिकलेली बाई घ्या."

तीस वर्षांच्या नोकरीत कधी खोटी रजा न घेतलेली बाई लेकासाठी चारचौघींत बेधडक खोटं बोलली. सुधन्वाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा तरी त्याने गप्प बसावं? पण नाही.

"पण पावलं आईचीच आहेत," तो म्हणाला. "नीट ऐका. उजवा पाय जरा घासतो ना, तो."

पावलं बाजारातून तयार विकत घेतलेली होती. बायका कान देऊन ऐकू लागल्या. "अय्या, खरंच!" कोपऱ्यातल्या अहिल्याकाकू म्हणाल्या. "हुबेहूब!" सगळ्यांनी माना डोलावल्या. कुमुदताईंनीही डोलावली.

वाणं घेऊन बायका गेल्या. कुमुदताई बशा गोळा करू लागल्या.

"माझ्या पावलांचं रेकॉर्डिंग कधी केलंस रे?"

सुधन्वा जमिनीकडे बघत राहिला. "नाही केलं."

"अच्छा. माझ्या खोट्याने भागलं होतं की. त्यावर तुझं आणखी एक कशाला?"

कुमुदताई बशा एकावर एक रचू लागल्या.

"त्या बाईने छान म्हटलंय?"

"हो, आई."

"माझ्यापेक्षा?"

"हो."

"मग हे तेव्हाच सांगायचंस. मी काय भोकाड पसरलं असतं? नऊ जणींना घरी बोलावून तरी बसले नसते."

बशांची चळत घेऊन त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या. टीव्ही बंद होता, घर शांत होतं आणि चपलांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. सुधन्वाने मान वर करून पाहिलं.

घासत होता तो डावा पाय.