कुकरची रिंग

आमच्या घरी भर दुपारी पडदे ओढून दिवा लावला जायचा. बाहेर लख्ख ऊन, समोरच्या बागेत माणसं डबे उघडून बसलेली, आणि मी मात्र खोलीत अंधार करून, अंगातला स्वेटर काढून, पायमोजे पलंगाखाली ढकलून फोनसमोर हजर. कारण सासूबाईंकडे तेव्हा दिवेलागण झालेली असायची. आणि आम्ही परदेशात नसून त्यांच्यापासून बसने चार तासांवरच्या गावात राहतो, असं आम्ही त्यांना सांगितलं होतं.

कल्पना नवऱ्याची, पण मान मीही डोलावली होती. माझे मोठे दीर वर्षभरासाठी म्हणून परदेशी गेले ते तिकडचेच झाले. सासरे गेले तेव्हाही त्यांना वेळेवर पोचता आलं नाही. तेव्हापासून सासूबाईंचं एकच पालुपद होतं, "विमानात बसलेला माणूस परत येतो, हे मला सांगू नका." धाकट्याने नुसतं जायचं नाव काढलं तरी त्या ताट बाजूला सारायच्या. अशात नवऱ्याला कंपनीने इथल्या कारखान्यात मशीन बसवायला पाठवलं, सहा महिन्यांसाठी. सहा महिने काय, हां हां म्हणता जातील. बदली झाली म्हणून सांगू, परत आल्यावर हसत हसत खरं सांगू. गाव मुद्दाम असं निवडलं की जिथे आपल्या ओळखीचं चिटपाखरू नाही. म्हणजे कुणी सहज डोकावायला जायला नको. केवढे हुशार आम्ही!

मशीन बसलं, पण चालेना. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षानंतर कंपनीने आणखी मुदत वाढवून घेतली. मधे एकदा आठवडाभर घरी जाऊन आलो, तेही विमानतळावरून निघताना सामान मित्राकडे टाकून, जुन्या पिशव्या खांद्याला लावून, बसमधून उतरल्यासारखी तोंडं करून. "मीच येते तिकडे," असं सासूबाई म्हणाल्या की आमच्याकडे उत्तर तयार असायचं. जागा एवढीशी आहे, पाणी चार दिवसांनी येतं, तुमचे हाल होतील.

एरवी मी शाळेत भूगोल शिकवते. इथे दिवस आहे तेव्हा तिथे रात्र का, हे ग्लोब फिरवून मुलांना समजावणारी बाई मी. आता बिनपगारी रजेवर बसून तोच ग्लोब सासूबाईंपासून लपवत होते. रोज सकाळी त्या गावाच्या बातम्या वाचायचे. पाऊस पडला का, वीज गेली का, बाजारात भाज्या कशा आहेत. मग दुपारी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, सगळं जसंच्या तसं सांगायचे. "काय गं, घाम येतोय का तुला?" त्या विचारायच्या. थंडीने अंगावर काटा आलेला असताना मी पदराने कपाळ पुसायचे. फोन त्यांना घेता यायचा, हिरवं बटण दाबून लावताही यायचा, पण बंद करणं काही केल्या जमलं नाही. ते नेहमी आम्हीच करायचो.

खरं सांगायचं तर मला इथे काही जमत नव्हतं. खिडकी चार बोटांच्या वर उघडत नाही. कपडे धुवायचं मशीन तळघरात, तिथे आपली पाळी चुकली की आठवडाभर बोंब. शेजारीण जिन्यात हसते आणि दार लावून घेते. नवरा संध्याकाळी मशीनवर वैतागून येतो आणि राग माझ्यावर काढतो. त्यात कुकरची रिंग फाटली. भात पातेल्यात, डाळ पातेल्यात, काही धड शिजेना. दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराला हातांनी गोल करून दाखवलं, तर तो मला मोठ्या अदबीने मुलांच्या पोहायच्या टायरांपाशी घेऊन गेला.

त्या दिवशी दुपारी सासूबाईंनी नेहमीसारखं "काय शिजवलंस?" विचारलं आणि माझा बांध फुटला. "आई, कुकरची रिंग गेली हो. इथे कुठे मिळतच नाही." आणि मी हमसून हमसून रडले. एवढ्या काळात त्यांना सांगितलेली तेवढीच एक खरी गोष्ट.

"रिंगेसाठी रडतात का गं वेडाबाई? हे गाव म्हणायचं की काय!" त्या म्हणाल्या. मी डोळे पुसले आणि विसरून गेले.

रविवारी नवरा घरी होता. फोनची वेळ व्हायला अजून अवकाश होता. आम्ही जेमतेम पडदे ओढून दिवा लावला, तोच फोन वाजला. आई आपण होऊन फोन लावत नाहीत. मी फोन उचलला.

पडद्यावर त्यांचा चेहरा, डोक्यावरून पदर घेतलेला, आणि मागे एक लाल बस.

"ओळखा बरं मी कुठे आहे?" त्या हसत होत्या. "तुमच्या गावात! स्टँडवर उतरलेय. ये रे न्यायला."

मी विचारलं, "आई, एकट्या आलात?"

"मग काय वरात घेऊन येऊ? रिंग आणलीय तुझी. दोन आणल्या, एक गेली तर एक असावी. तुम्हाला सांगितलं असतं तर नाहीच म्हणाला असतात."

सासूबाईंच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंना सगळं ठाऊक होतं. मी नवऱ्याच्या फोनवरून त्यांना गाठलं. "अगं, मी अडवू कशी?" काकू रडकुंडीला आल्या. "लेकाकडे चालले म्हणाल्या. काय सांगून अडवू? तोंड उघडायचं नाही अशी शपथ तुम्हीच घातली होती. दुपारपासून याच फोनवर लावतेय, कुणी उचलेल तर!" नवऱ्याने रात्री मुका केलेला फोन तसाच राहिला होता. काकू एवढंच म्हणाल्या, की परतीच्या बसमध्ये बसवून द्या, इकडे मी उतरवून घेते.

त्या गावात फोन करावा असं एकही माणूस नव्हतं. तसं गाव आम्हीच शोधलं होतं.

"आई, जवळ कुणी आहे का?" नवऱ्याने विचारलं. चहावाला होता. त्याने फोनमध्ये तोंड घालून सांगितलं, की परतीची शेवटची गाडी समोरच लागलीय, सुटेल एवढ्यात. मागे स्टँडचे दिवे लागत होते.

"आई, त्या बसमध्ये बस आणि घरी जा," नवरा म्हणाला.

"म्हणजे? दारात आलेल्या आईला परत पाठवतोस?" त्यांचा चेहरा उतरला. "काम असेल तर कर की. मी बसते इथे बाकावर. मला कसली घाई?"

"आई, मी तिथे नाहीये."

"मग कुठे आहेस? ये सावकाश."

"मी परदेशात आहे, आई. आम्ही दोघंही. पहिल्यापासून."

त्या खळखळून हसल्या. "चेष्टा पुरे! परवा रात्री तुमच्याकडे वीज गेली होती, सून म्हणाली. मी उतरल्या उतरल्या या चहावाल्याला विचारलं. खरंच गेली होती, तासभर. हो की नाही रे?" चहावाल्याने मान हलवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीज गेल्याची बातमी मीच शोधून काढली होती.

बसवाल्याने घंटी मारली. नवरा नुसता "आई, आई" करत होता. मी उठले आणि पडदे दोन्ही बाजूंना सारले. सगळं ऊन एकदम आत आलं. फोन खिडकीपाशी धरला. समोरची बाग, डबे खाणारी माणसं, डोक्यावर आलेला सूर्य.

सासूबाई बघत राहिल्या. मग त्यांनी मान वर करून स्वतःच्या डोक्यावरचं आभाळ बघितलं. तिथे अंधार पडत आला होता. पुन्हा फोनकडे बघितलं. मला काहीही समजावून सांगावं लागलं नाही.

"मग मी कुणाकडे आलेय रे?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने तोंड झाकून घेतलं. "आई, बसमध्ये बसा. पाया पडते तुमच्या," मी एवढंच म्हटलं.

त्या रागावल्या असत्या, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चहावाल्याने त्यांची पिशवी उचलली. त्यांनी फोन कमरेच्या चंचीत खोचला असावा, कारण पडदा काळा झाला, पण आवाज येत होता. त्यांना बंद करता येत नव्हता आणि आमचा हात होत नव्हता. पायऱ्या, कुणाचा तरी "सरका हो", मग इंजिन.

"आजी, मघाशी माझ्याच गाडीने आलात की," कंडक्टरचा आवाज आला. "लगेच परत? कुणाकडे आला होतात?"

"लेकाकडे."

"मग, भेटला का लेक?"

चंचीत बोटं शिरली, सुटे पैसे वाजले.

"भेटला," सासूबाई म्हणाल्या. "सूनही भेटली. घर चांगलं आहे त्यांचं. उजेड भरपूर आहे."