पडताळ्याची टेप

त्या घरात लाकडाला करवत लागण्याआधी माप दोनदा बोललं जायचं. एकाने टेप लावून आकडा सांगायचा, दुसऱ्याने स्वतःची टेप लावून तोच परत सांगायचा. बाबा याला पडताळा म्हणत. गरज खरं तर त्यांचीच होती, कारण त्यांच्या लाडक्या टेपचे पहिले दोन सेंटिमीटर केव्हाच तुटून गेले होते. नवी घ्या म्हटलं की म्हणत, "दोनच तर मिळवायचेत, तेवढं डोकं आहे अजून." डोकं होतं, पण गप्पांच्या नादात ते दोन राहून जायचे. म्हणून वर्कबेंचच्या दुसऱ्या टोकाला खिळ्यावर चांगली टेप टांगलेली असे आणि तिथे धाकटी लेक उभी असे.

आता बाबा नव्हते. धाकटी चाळिशीला टेकली होती आणि गॅरेजमध्ये एकटीच होती. गेल्या महिन्यात आई मागच्या दाराच्या पायऱ्यांवरून घसरली, मनगटावर निभावलं. पुढच्या वेळी कंबरेवर येईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. थोरलीने फोनवरून "एखादा सुतार बघ" असा फुकटचा सल्ला दिला. पण पायऱ्यांचा कठडा आपणच करायचा, असं धाकटीने मनाशी पक्कं केलं होतं. का, ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

भर दुपार होती. तिने भिंतीवरची हत्यारं एकेक करून निवडली. करवत बारीक दात्यांची, कारण मोठे दाते कडा कुरतडतात. पेन्सिल टोकदार, नाहीतर रेघच दोन मिलिमीटरची होते. विजेच्या करवतीला तिने हात लावला नाही. मन थाऱ्यावर नसेल तर ती घ्यायची नाही, हे बाबांनी शिकवलेलं होतं. कठड्याच्या दांडीवर टेप लावून तिने खूण केली आणि सवयीने बोलून गेली, "एकशे साठ."

"एकशे साठ," बेंचच्या त्या टोकाकडून उत्तर आलं.

तिने झटकन वर पाहिलं, तिथे कुणीच नव्हतं. आवाज बाबांचा असता तर तिला रडू आलं असतं, भीती वाटली नसती. आवाज तिचाच होता, सोळा वर्षांचा, कंटाळलेला, च्युइंगम चघळत बोललेला. खिळ्यावरची टेप हललीही नव्हती.

"नऊशे," ती मुद्दाम चुकीचं म्हणाली.

"नऊशे," तो आवाज लगेच म्हणाला.

सोळाव्या वर्षी तिने अगदी हेच केलं होतं. बाबा गॅरेजच्या माळ्याचा आडवा दांडा कापायला बसले होते आणि हिचं सगळं लक्ष मैत्रिणीच्या चिठ्ठीत. टेप न लावताच तिने त्यांचा आकडा परत म्हटला. अकरा वर्षांनी तो दांडा आधारावरून सुटला आणि माळा बाबांसकट खाली आला. दवाखान्यात पाच दिवस ते एक शब्द बोलले नाहीत, मग गेले. लाकूड जुनं झालं होतं, असं सगळे म्हणाले. धाकटीने तो दांडा मोजून पाहिला होता. दोन सेंटिमीटर आखूड. तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप होतं.

"एकटी कसली मापतेस?" दारातून आई म्हणाली. तिच्या मनगटाला पट्टा होता, चष्मा कपाळावर. "थांब, मी लावते."

ती त्या टोकाला गेली, खिळ्यावरची टेप काढून खुणेपर्यंत लावली, चष्मा नाकावर घेतला. "एकशे अठ्ठावन्न."

धाकटीने आपल्या हाताकडे पाहिलं. बाबांची तुटकी टेप. दोन मिळवायचे राहिले होते. दांडी खांबांच्या खाचांत जेमतेम टेकली असती आणि आईने तिच्यावर भार टाकला असता. धाकटी स्टुलावर बसली आणि इतक्या वर्षांचं सगळं एका दमात बोलून गेली.

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

"कसं?"

"दांडा बसवतानाच त्यांना कळलं होतं, बोटभर आखूड आहे म्हणून. मी म्हटलं, मग दुसरा कापा. तर म्हणाले, दुसरा कापला तर पोरीला कळेल, ओशाळेल, उद्यापासून इथे फिरकायची नाही. टेकतोय तेवढा पुरे." आईने हातातली टेप गुंडाळली. "मीही म्हटलं, पुरे."

मग आईने चष्मा पुसला आणि टेप खिळ्यावर परत टांगली. त्या घरात रडतानासुद्धा हत्यार भलतीकडे ठेवत नसत. धाकटी उठली, दोन मिळवले, नवी खूण केली.

"एकशे साठ."

"एकशे साठ," त्या टोकाकडून तोच कंटाळलेला आवाज.

धाकटीने आईकडे पाहिलं. आई दचकली नव्हती. इतकी वर्षं गॅरेज झाडायला तीच तर येत होती, हा आवाज तिला नवा नव्हता. त्या रिकाम्या जागेकडे वळून, रागावून नाही, पोरीला सांगावं तसं ती म्हणाली, "बघून सांग गं."

क्षणभर काहीच झालं नाही. मग खिळ्यावरची टेप सर्रकन ओढली गेली, आणि दोघी उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.