भरल्या हंड्याचं वजन

अक्षदा ठाण्यात ज्या आर्ट गॅलरीत कामाला होती, तिथे नेमकं काय चालतं हे तिच्या सासूबाईंना दोन वर्षांत नीटसं उमगलं नव्हतं. सगुणाबाई टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगमधल्या शेजारणींना सांगायच्या, "चित्रांच्या दुकानात आहे." म्हणून एका रविवारी अक्षदा त्यांना म्हणाली, "आई, या वेळी चलाच. या वेळची चित्रं बघायची नाहीत, उचलायची आहेत."

"उचलून न्यायची कुठे?"

"कुठेच नाही. उचलायची आणि परत ठेवायची."

एवढ्या कुतूहलावर सगुणाबाई निघाल्या.

गॅलरी म्हणजे एक पांढरा हॉल होता. भिंतीवर सात-आठ लाकडी पाट्या, प्रत्येकीला एकच रंग. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि कुठली बोटभर, तर कुठली चार बोटं जाड. जाडी लाकडाची नव्हती, रंगाची होती. कडेने पाहिलं की थरावर थर दिसायचे. शेजारच्या कागदावर फक्त एका वस्तूचं नाव. वल्लरी कर्णिक नावाच्या चित्रकर्तीने एकेक वस्तू निवडून तिचं वजन केलं होतं आणि पाटीचं वजन तेवढंच भरेपर्यंत ती रोज एक हात रंग देत गेली होती. वस्तूचं चित्र नव्हतंच कुठे. फक्त तिचा भार होता.

"म्हणजे दिसणार काय?" सगुणाबाईंनी विचारलं.

"दिसणार काहीच नाही. हाताला कळायला हवं."

सगुणाबाई एका हिरवट पाटीपाशी थांबल्या. शेजारी लिहिलं होतं, 'भरलेला हंडा'. त्यांनी पदर खोचला, दोन्ही हातांनी पाटी खुंट्यांवरून काढली, क्षणभर पोटाशी धरली आणि अक्षदाच्या मदतीने परत टांगली.

"हे खोटं आहे," त्या म्हणाल्या.

अक्षदाला कसंसंच झालं, कारण वल्लरी तिथेच मागे उभी होती. पन्नाशीची, केस कापलेली, नखांत अजून रंग. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती पुढे आली.

"काकू, काय खोटं आहे? वजन कमी वाटतंय?"

"कमी कुठलं? जास्त आहे. हंडा एवढा जड नसतो, ताई. मोहन्याला आमची चाळ टेकाडावर होती आणि नळ खाली. वीस वर्षं पाणी वाहिलंय मी. मला माहीत नाही होय?"

"मी स्वतः मोजलंय. चौदा किलो दोनशे ग्रॅम. आमच्या आजीचा हंडा आहे घरी, पितळेचा."

"तुमचा आकडा असेल बरोबर. माझ्या हाताला पटत नाही."

वल्लरीने पाटीकडे पाहिलं, मग सगुणाबाईंच्या हातांकडे. सात महिने ती त्या पाटीवर रंग देत होती. इतके दिवस लोक येत होते, उचलत होते, 'वा' म्हणत होते. तक्रार कुणीच केली नव्हती.

"तुमचा हंडा आहे का अजून?" तिने विचारलं.

हंडा होता. माळ्यावर, जुन्या चादरी भरून ठेवलेला. सोमवारी गॅलरी बंद असते, तेव्हा वल्लरी खरंच टिटवाळ्याला येऊन दाखल झाली. तिच्या पर्समध्ये बॅगा मोजायचा हुकाचा काटा होता. सगुणाबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "याच्यावर माझा भरवसा नाही. खाली काळुरामचं रद्दीचं दुकान आहे. त्याचा काटा मोठा आहे."

भगवानराव, त्यांचे यजमान, रेयॉनच्या कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पेपर बाजूला ठेवून तेही चपला घालून निघाले. "मीही येतो. बघू तरी."

सोसायटीच्या गेटजवळ झाडांना पाणी घालायचा नळ होता. सगुणाबाईंनी तांब्याचा हंडा आतून विसळून नळाखाली धरला. पाणी गळ्याशी आल्यावर नळ बंद केला.

"काठोकाठ नाही भरायचा?" वल्लरीने विचारलं.

"काठोकाठ भरला की चालताना पाणी उसळतं. अंग भिजतं, आणि घरी पोचेस्तोवर तेवढं कमीच होतं. दोन बोटं मोकळी सोडायची."

वल्लरीने वहीत ते टिपून घेतलं. हंडा उचलायला भगवानराव वाकले आणि कंबर धरून सरळ झाले. शेवटी वल्लरीने आणि त्यांनी दोन बाजूंनी धरून तो गेटाबाहेर काळुरामच्या काट्यावर नेऊन ठेवला.

काट्यावर लाल आकडे थरथरून थांबले. सोळा किलो नऊशे.

"काटा बिघडलाय रे तुझा," सगुणाबाई म्हणाल्या.

काळुरामला ते लागलं. त्याने हंडा खाली उतरवायला लावला, पाच किलोचं लोखंडी माप ठेवलं. आकडा पाच. मग दहाचं. आकडा दहा. "मावशी, अजून काय दाखवू? सरकारी शिक्का आहे याच्यावर."

हंडा पुन्हा काट्यावर गेला. पुन्हा सोळा नऊशे.

सगुणाबाईंनी आकडा पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाल्या, "आणि काखेत कळशी असायची. ती वेगळी."

"दिवसाला किती खेपा?" भगवानरावांनी विचारलं.

"सहा. पाहुणे असले की आठ."

"मला वाटायचं दोन-तीन असतील."

"तुम्ही पहिल्या पाळीला जायचात. आल्यावर पिंप भरलेलं दिसायचं."

भगवानराव वाकून हंड्यातल्या पाण्याकडे बघू लागले. वल्लरीला मात्र चैन पडेना. तिची पाटी खऱ्या हंड्यापेक्षा पावणेतीन किलोंनी हलकी निघाली होती, आणि तरीही ती या बाईंना जड वाटली होती. असं कसं? बरीच वर्षं मधे गेली म्हणून? वय झालं म्हणून? तिने तसं विचारलंच.

"वय झालंच," सगुणाबाई म्हणाल्या. पण त्यांचंही समाधान झालं नव्हतं. त्यांनी हंड्याच्या काठावर हात ठेवला. मग एकदम म्हणाल्या, "अगं ताई, तिथे मी हातात धरली ना पाटी! हंडा हातात कोण धरतं? हातात धरून टेकाड चढले असते तर पाचव्या दिवशी माहेरी पळाले असते. हंडा डोक्यावर असतो. डोक्यावर गेला की त्याचं वजन हातांना लागत नाही, ते मानेतून खाली उतरतं."

वल्लरीने वही मिटली. "माझ्या डोक्यातच आलं नाही," ती म्हणाली. "मी हंडा फक्त मोजला. वाहिला कधीच नाही."

"चुंबळ लागेल," सगुणाबाई म्हणाल्या. त्या तशाच वर गेल्या आणि एका जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घेऊन आल्या. तो पिळून, गोल गुंडाळून त्यांनी घट्ट कडं तयार केलं. वल्लरीच्या डोक्यावर ते ठेवलं. काळुराम आणि भगवानरावांनी हंड्यातलं थोडं पाणी झाडांना घालून तो तिच्या डोक्यावर चढवला. वल्लरी गेटापर्यंत गेली आणि परत आली. पाणी तिच्या कानावरून खांद्यावर आलं, आणि ती हसत होती.

पुढच्या रविवारी 'भरलेला हंडा' या नावाखाली पेन्सिलने एक ओळ वाढली होती : 'दोन किलो सातशे ग्रॅम कमी आहे.' प्रदर्शनाच्या उरलेल्या दिवसांत तेवढा रंग चढून वाळणं शक्य नव्हतं, म्हणून वल्लरीने चूक तशीच लिहून टाकली होती. खाली एका स्टुलावर सगुणाबाईंनी वळलेली चुंबळ. पाटी डोक्यावर घ्यायची, शेजारी एकाने उभं राहायचं, असं अक्षदा येणाऱ्याला समजावून सांगत होती. कॉलेजच्या मुली हात सोडून चालायला बघत होत्या. एका गृहस्थांनी विचारलं की हे आता चित्र राहिलं का. वल्लरी म्हणाली, मलाही तेच बघायचंय.

भगवानराव त्या दिवशी पहिल्यांदाच गॅलरीत आले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. गर्दी कमी व्हायची त्यांनी वाट पाहिली, मग चुंबळ डोक्यावर ठेवून म्हणाले, "द्या."

अक्षदा म्हणाली, "बाबा, कंबर?"

"दे गं तू."

वल्लरीने आणि अक्षदाने पाटी वर ठेवली. भगवानरावांनी दोन्ही हातांनी कडा पकडल्या. मान ताठरली.

"नळापासून चाळीपर्यंत किती पायऱ्या होत्या आपल्याकडे?" त्यांनी विचारलं.

"बावन्न," सगुणाबाई म्हणाल्या. "तुम्हीही रोज चढायचात की."

"रिकाम्या हाताने चढायचो. मोजल्या नाहीत."

ते चालायला लागले. हॉल सपाट होता, तरी पाऊल जरा उचलून टाकत होते. सगुणाबाई शेजारून चालत होत्या, हात पाटीला न लावता, पण जवळ धरून.

"खाली बघू नका," त्या म्हणाल्या. "समोर बघा. आणि श्वास सोडा, धरून ठेवू नका."

"बारा," भगवानराव म्हणाले. "तेरा."