सतरा नंबरची जोडी

काशीराम परबांनी आठवडाभर पेपराच्या कोऱ्या कडांवर एकच नाव गिरवलं. निधी. निधी. निधी. सहासष्ट वर्षांचा माणूस, पहिलीतल्या पोरासारखा जीभ बाहेर काढून बसायचा. बायको प्रेमा एकदा बोललीच, "ह्या चार वर्सांआदी सुचला असता, तर पेपर तरी धड वाचूक मिळालो असतो."

खोटं काय होतं त्यात? चार वर्षांपूर्वी बोरिवलीच्या याच खोलीत त्यांचं एकुलतं लेकरू, तेव्हाचा निलेश, समोर उभं राहून म्हणालं होतं, "बाबा, मी मुलगी आहे. पहिल्यापासून. माझं नाव निधी." काशीराम म्हणाले, "ह्या घरात निलेश जन्माक इलो, निलेशच येतलो." झालं. शब्द तोंडातून गेला आणि लेक घाटकोपरला गेली.

लहानपणी खालून एक हाक मारली की तिसऱ्या माळ्यावरून ओ यायची. आता फोनवर "निलेश, जेवलंस काय रे?" म्हटलं की पलीकडून कट. प्रेमाशी मात्र अर्धा अर्धा तास गप्पा, स्वयंपाकघराचं दार लोटून. काशीराम दाराबाहेर लसूण सोलत बसायचे. घरात लसूण उगाच किलोभर सोलून पडायचा. नाव घ्यावं असं कितीदा वाटलं, पण मेली जीभ वळेना.

मग रेवतीचा फोन आला. ती मानसशास्त्रात संशोधन करणारी. ज्या घरातलं मूल आपली लिंगओळख वेगळी सांगतं, तिथे आईबापांच्या मनाचं काय होतं, आणि कोकणी, गुजराती, तमिळ घरांत त्यात काही फरक पडतो का, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी पालक आणि मूल अशी जोडी हवी. "निधीनेच नंबर दिला," ती म्हणाली. "आईचा नको, बाबांचा घ्या म्हणाली."

काशीरामांनी क्षणात हो म्हटलं. फॉर्म म्हणजे वर नाव आलंच. बोलता येत नाही तर लिहून द्यावं, चांगल्या अक्षरात, असा त्यांचा साधा हिशेब.

अंधेरीच्या कॉलेजात प्लायवूडची भिंत घालून एका खोलीच्या दोन केल्या होत्या. "निधी पलीकडे बसलीय," रेवती म्हणाली. "दोघांचं लिहून होईपर्यंत बोलायचं नाही हां काका. एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला की ती जोडी आम्हाला काढून टाकावी लागते."

"आणि नंतर?"

रेवती जरा घुटमळली. "लिहून झालं की ती तशीच निघणार आहे. तिने आधीच सांगितलंय."

काशीरामांनी फॉर्म पुढे ओढला. वर छापलं होतं: जोडी क्रमांक १७. नाव लिहू नये.

"नाव खंय लिवू?"

"नाव नाही काका. सगळं गुप्त असतं. तुमचं लिहिलेलं तिलासुद्धा दाखवत नाही."

वाट लागली. सगळा आठवडा पाण्यात. त्यांनी मुकाट्याने प्रश्न वाचायला घेतले. आपल्या अपत्याची आठवण किती येते? एक ते सात. त्यांनी सातवर गोल केला, त्यावर आणखी एक केला, मग आणखी, कागद फाटेपर्यंत. आठ असता तर आठवर केला असता.

भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. लेकीचं लिहून झालं होतं.

काशीराम उठले आणि त्यांनी प्लायवूडवर हात ठेवला. "निधी."

"काका, प्लीज," रेवती म्हणाली.

"गो निधी." आवाज फाटला, पण नाव पुरतं आलं. "जेवलंस काय गो?"

रेवतीने त्यांच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि सतरा नंबरच्या कागदावर आडवी रेघ मारली. "जोडी बाद झाली, काका."

काशीरामांनी मान हलवली. हात भिंतीवरून काढला नाही.

"ओ," पलीकडून आलं. मग अगदी भिंतीजवळून, "जेवूक नाय अजून, बाबा."