चुलीवर वाळवलेला झगा

यापीनं एक चूक केली होती, आणि ती करताना तिला कुणी पाहिलं असतं तर त्याला त्यात चूक दिसलीच नसती. ओलं कापड चुलीवर वाळत घालायचं, यात चुकण्यासारखं काय आहे? या डोंगरातल्या कुठल्याही बाईला विचारा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथं ऊन घाईतल्या पाहुण्यासारखं येतं, बूडही टेकत नाही. प्रत्येक घरात चुलीच्या वर बांबूची फळी टांगलेली असते. मासे, मांस, मक्याची कणसं, भिजलेली टोपली, पोरांच्या चपला, सगळं तिथं एकाच धुरात वाळतं. तिथंच तिनं तो झगाही टाकला.

झगा तिचा नव्हता, अस्वलांच्या छावणीचा होता. आई मेलेली पिल्लं त्या छावणीत यायची, वाढायची आणि परत रानात जायची. त्यासाठी त्यांना रोज रानात फिरवावं लागतं, कारण कुठली मुळी खायची आणि कुठल्या झाडावर चढायचं हे पिंजऱ्यात बसून कुणी शिकत नाही. यापी आणि किपा अशी दोन माणसं ते काम करायची. नियम तीनच. डोक्यापासून घोट्यापर्यंत मातकट झगा घालायचा, म्हणजे पिल्लांना माणसाचा आकार कळत नाही. पिल्लांसमोर एक अक्षर बोलायचं नाही. आणि झगा छावणीबाहेर न्यायचा नाही.

पहिले दोन नियम यापीनं वर्षभर पाळले. ती किती तोंडाळ आहे हे गावाला ठाऊक होतं. आबो, म्हणजे तिचा बाप, सगळ्यांना सांगायचा, "अस्वलं काय, कुणीपण वाढवील. आमच्या पोरीचं तोंड बंद केलं, त्याबद्दल छावणीच्या डॉक्टरला एक मिथुन बैल कापून जेवण घातलं पाहिजे."

पिल्लं आबोनंच आणली होती. मागच्या जानेवारीत तो झूमसाठी, म्हणजे रान तोडून-जाळून करायच्या शेतीसाठी, उतारावरची झाडं पाडत होता. एका जुन्या झाडाच्या बुंध्यावर घाव बसला आणि पोकळीतून अस्वलीण अंगावर आली. आबोची बंदूक हाताशी होती. गोळी लागून अस्वलीण पडल्यावर आतून चिंचिं आवाज आला. डोळेसुद्धा न उघडलेली दोन पिल्लं, उंदराएवढी. त्यानं ती बंडीत गुंडाळली, पाठीवरच्या टोपलीत ठेवली आणि तासभर चालत छावणीत आणून यापीच्या हातात दिली. तेव्हा तो एवढंच म्हणाला की मारायची नव्हती. पण अस्वलिणीचं कातडं त्यानं आपल्या दावच्या, म्हणजे कमरेच्या लांब कोयत्याच्या, म्यानावर शिवलं, इथले सगळे पुरुष शिवतात तसं. यापी त्या म्यानाकडे बघायची नाही.

पिल्लांना नावं ठेवायला बंदी होती. पण मादी दांडगी निघाली, म्हणून यापी तिला मनातल्या मनात थोरली म्हणायची, आणि नराला धाकटा. धाकटा दूध पिताना घुमायचा. मधमाश्यांचं पोळं घुमतं ना, तसा. बाटली संपली तरी तो तिच्या झग्यात नाक खुपसून घुमत राहायचा. थोरलीनं दूध सुटल्यावर हे सोडून दिलं. धाकट्यानं नाही सोडलं.

यंदा फेब्रुवारी अर्धा झाला तेव्हा डॉक्टर हजारिकांनी परीक्षा घेतली. त्यांनी पिल्लांना माहीत नसलेला एक माणूस पायवाटेवर उभा केला. दोन्ही पिल्लं त्याला बघून सरसर झाडावर चढली आणि वरून फुसफुसली. डॉक्टर वहीत लिहिताना हसल्या. दोन आठवड्यांनी पिंजऱ्याचं दार उघडं टाकायचं आणि आपण निघून यायचं, असं ठरलं.

त्याच दुपारी खाली ओढ्याकाठी कुणीतरी पालापाचोळा पेटवला. धूर वर आला. थोरलीनं नाक उचललं आणि ती उलट्या दिशेला पळाली. धाकट्यानंही नाक उचललं. मग तो घुमायला लागला. घुमतच तो उतारावरून खाली निघाला, धुराकडे, शेपटाशिवायचं ते बूड डुलवत, बाटलीकडे निघाल्यासारखा.

किपाला वाटलं, खाली त्याला काहीतरी खायचं सापडलं असणार. यापीला कळलं. तिनं झग्याची बाही नाकाला लावली. धूर, सुकी मासळी, घर. तिला इतके दिवस तो वास आलाच नव्हता, आपल्या घराचा वास कुणाला येतो?

गप्प बसता आलं असतं. संध्याकाळपर्यंत तिनं तोच विचार केला. दोन आठवडे, मग दार उघडं, मग कुणी विचारणार नाही. पण मार्च लागला की सगळे उतार पेटतात, आणि प्रत्येक उतारावर बंदूक घेतलेला एकतरी माणूस असतो. आबोचा उतार तर रानाला लागूनच होता. ती सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"मी झगा घरी नेत होते," ती म्हणाली. "पावसाळाभर. चुलीवर वाळवायला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "रोज?"

"रोज. इथं पत्र्याखाली तो तीन-तीन दिवस ओला राहतो. मी दोनदा तापानं पडले. एवढी छावणी बांधलीत, एक चूल नाही बांधता आली तुम्हाला?"

"चूल का नाही बांधली, ते आता कळलं ना?"

यापीला जास्तच राग आला. डॉक्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की मादी सुटेल, पण धुराला माणसाच्या घरापर्यंत जाणारं अस्वल त्या सोडू शकत नाहीत. ते गोळी खाईल, नाहीतर कुणाला तरी फाडेल. त्याला प्राणिसंग्रहालयात पाठवावं लागेल.

"पिंजऱ्यात किती वर्षं जगतं?" यापीनं विचारलं.

"चांगलं ठेवलं तर तीस."

शेवटी उतार पेटायच्या आधीचे नऊ दिवस डॉक्टरांनी दिले. नवव्या दिवशी पुन्हा धूर करायचा. धाकटा पळाला तर सुटला. आला तर गाडी.

दुसऱ्या दिवशी यापी आबोच्या उतारावर गेली. पाडलेली झाडं महिनाभर वाळून करकरीत झाली होती आणि आबो आग रानात जाऊ नये म्हणून कडेनं पट्टा साफ करत होता. तिनं सगळं सांगितलं. आधी तो हसला. म्हणाला, लोक कुत्र्याला घरी बोलावतात, हिनं अस्वलाला बोलावलं, तेसुद्धा तोंड न उघडता. यापीनं हातातली काठी फेकली आणि परत निघाली. तेव्हा त्यानं हाक मारून थांबवलं आणि सांगितलं की आगीत मिरची टाक. ती गोल, सुरकुतलेली. मूठभर. हत्ती पळतो, अस्वल काय चीज आहे.

दोन दिवसांनी किपा थोरलीला घेऊन पुढे गेला आणि यापी एका सोडून दिलेल्या शेतझोपडीत आग पेटवून बसली. अर्ध्या तासात धाकटा घुमत आला. तिनं मिरची टाकली. धूर असा उठला की तिचेच डोळे फुटायची वेळ आली. धाकटा शिंकला, नाक मातीत घासलं, केविलवाणं ओरडला, आणि पळून कुठं गेला? तिच्या मांडीत. झग्यात तोंड खुपसून थरथरत राहिला. तिला खोकलासुद्धा दाबून धरावा लागला, कारण आवाज काढायचा नव्हता.

तीनदा असंच झालं. पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी ती परत आबोकडे गेली. या वेळी तो हसला नाही. बराच वेळ दावची धार अंगठ्यानं बघत बसला.

"तू धुराची भीती घालतेयस," तो म्हणाला. "त्याचा उपयोग नाही. भीती वाटली की तो तुझ्याकडे येतो. तुझीच भीती घाल."

"म्हणजे काय करू?"

"तू काय आहेस ते दाखव त्याला. माणूस आहेस ना?"

ती निघाली तेव्हा तो म्हणाला की मी येतो, लांब बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा त्याच्या कमरेला दाव नुसता दोरीनं बांधलेला होता. म्यान नव्हतं. आपला वास जाऊ नये म्हणून तो वाऱ्याच्या खालच्या बाजूला, एका आडव्या झाडामागं जाऊन बसला.

यापीनं आग पेटवली. धाकटा आला. घुमत, आरामात, वाटेत एक ओंडका उलटून त्याखालच्या मुंग्या चाटून आला. आता तो तिच्या कमरेच्या वर लागायचा. छातीवरचा पांढरा पट्टा राखेनं मळला होता. तो जवळ येऊन बसला आणि त्यानं झग्याची कड तोंडात धरली.

यापी उठली. तिनं झगा डोक्यावरून काढला. खाली लाल स्वेटर होता आणि मोकळे केस. त्यानं तिचा आकार कधी पाहिलाच नव्हता. तो एक पाऊल मागं सरला. तिनं झगा आगीत टाकला आणि वर दोन्ही मुठींनी मिरची. झगा धुमसला, मग भडकला. धाकट्यानं आधी आगीकडे बघितलं, झग्यात जो होता त्याला शोधल्यासारखं, आणि तो आगीकडे निघाला.

तेव्हा तिनं बांबू उचलला आणि त्याच्या नाकावर मारला. जोरात. अस्वलाला नाकावर किती लागतं ते तिला माहीत होतं.

"चल नीघ," ती ओरडली. "नीघ इथनं, मेल्या. परत तोंड दाखवलंस तर मारून टाकीन."

तेरा महिन्यांत त्यानं तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. तो मागच्या पायांवर उभा राहिला. तिनं पुन्हा मारलं, खांद्यावर, मग पाठीवर, आणि येतील तेवढ्या शिव्या दिल्या. वर्षभराचं साठलेलं बोलणं असं बाहेर आलं. धाकटा पळाला. झाडावर नाही चढला, सरळ वर रानात गेला. मोडणाऱ्या फांद्यांचा आवाज लांब लांब जात बंद झाला. ती तरी ओरडतच होती. आबोनं येऊन तिच्या हातातून बांबू काढून घेतला. डोळे दोघांचेही लाल होते, मिरचीच तेवढी होती.

संध्याकाळी तो किपाबरोबर फिरणाऱ्या थोरलीच्या मागं लागून पिंजऱ्यात परतला, आणि तिथून पुढं दोघांना एकटा किपाच फिरवू लागला. नवव्या दिवशी डॉक्टरांनी धूर केला. धाकटा तो वास येताच थोरलीच्याही पुढं पळाला. गाडी आली नाही. पिंजऱ्याचं दार उघडं टाकलं, त्या दिवशी यापी गेली नाही. तिनं जायचंच नव्हतं, ते डॉक्टरांनी न सांगताही तिला कळत होतं. किपानं येऊन सांगितलं की थोरली आधी बाहेर पडली, धाकटा जरा रेंगाळला, मग तोही गेला.

त्यानंतर पाच दिवसांनी आबोचा उतार पेटला. सबंध दरी दुपारभर धुरानं भरली होती. आबोनं त्या दिवशी बंदूक घरीच ठेवली, पण बाजूच्या उतारांवर दोघातिघांकडे होती. यापी दिवसभर कान देऊन बसली. एकही बार ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख गार झाल्यावर दोघं बघायला गेली. रानाकडच्या कडेला आबो थांबला. राखेत पावलं होती. रानातून आलेली, राखेवर दहा-बारा पावलं पुढं आलेली. तिथं राख गोल दबली होती, कुणी बूड टेकून बसावं तशी. तोंड खाली, गावाकडे. मग पावलं वळून परत रानात गेली होती, लांब लांब टाकलेली.

"बसला होता," आबो म्हणाला. "मग गेला."

"किती वेळ बसला होता?"

"ते राखेत दिसत नाही."

यापी वाकून बघत राहिली. राखेवर त्याच्या नाकाचा ओला डागसुद्धा होता की काय, असं तिला वाटलं, पण तो दवाचा असेल. ती आणखी वाकली, तेवढ्यात आबोनं कडेची एक हिरवी फांदी तोडली आणि पुढच्या पावलावर फिरवली.

"काय करतोस?"

"दुपारी सगळे इथनंच जातील. माग लागला की माणूस काढत जातो. मी नसतो का गेलो?"

तो रानाच्या बाजूनं पावलं पुसत खाली येऊ लागला. यापीनं जरा वेळ बघितलं. मग तिनंही एक फांदी तोडली आणि बसल्याची खूण होती तिथून पुसायला सुरुवात केली.