तीन मिनिटं आठ सेकंद

बटण दाबलं.

खालच्या खोलीतल्या संगणकाला जागं व्हायला तीन मिनिटं दहा सेकंद लागायची. थोरलीने ती स्वयंपाकघरातल्या टायमरवर मोजली होती, तीही सलग आठ दिवस. एवढ्या वेळात चहा होतो, केस विंचरून होतात आणि धाकट्या जावेचा दिवसभर पुरेल एवढा हेवा करून होतो.

धाकटी वरच्या मजल्यावर. तिचाही संगणक हाच, त्याच दुकानातून त्याच दिवशी आणलेला. दोघी घरबसल्या एकाच छापखान्याच्या पुस्तकांची पानं लावायच्या. आणि हे काम धाकटीला शिकवलं कुणी? समास किती सोडायचा, चित्राखालची ओळ कुठे बसवायची, पानाच्या टोकाला एकटी ओळ लोंबकळत का ठेवायची नाही, सगळं शेजारी बसवून, बोट धरून शिकवलं ते थोरलीने. आणि मेमरी वाढवून घेतल्यापासून त्याच बाईचा संगणक आता एकवीस सेकंदांत

पडदा उजळला. विचार तिथेच तुटला.

बटण दाबलं.

"वरती बटण दाबलं की हजर!" सासूबाई दारातून म्हणाल्या. "मी खुर्चीत टेकलेसुद्धा नव्हते गं. तुझा अजून घुटमळतोय?"

"तापतोय."

"भात आहे का तो?"

सासूबाई गेल्या. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. एरवी तिने सोडून दिलं असतं, पण या आठवड्यात नाही. छापखान्याच्या मालकाने दोघींना एकच निरोप धाडला होता. रानातल्या झाडांवरचं सहाशे पानांचं पुस्तक, पानोपानी चित्रं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत दोघींनी नमुन्याची वीस पानं पाठवायची. जिची सरस, तिला अख्खं पुस्तक. असं पुस्तक थोरलीच्या हाती बारा वर्षांत आलं नव्हतं. आणि आता ते जाणार कुठे, तर वरच्या मजल्यावर, जिला काल-परवापर्यंत साधा समास

उजळला.

दुरुस्तीवाला आला तो सोमवारी. त्याने झाकण उघडलं, पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि मान हलवली.

"मॅडम, मेमरी वाढवून तुम्हाला फारसा फरक पडणार नाही. तुमची आहे तीच अर्धी रिकामी राहते. त्यांची भरून वाहत होती, मोठमोठी चित्रं एकदम उघडतात त्या. आणि चालू व्हायला वेळ लागतो तो तुमच्या डिस्कमुळे. जुनी झालीय. वर मी डिस्कसुद्धा बदलली."

"डिस्कला हात लावायचा नाही. माझं बारा वर्षांचं काम आहे त्यात."

"सगळं नव्या डिस्कवर उतरवून देतो ना."

"आणि एखादं पान राहिलं म्हणजे? तिला जी पट्टी बसवलीत ना, तीच मला बसवा. तेवढंच करा."

त्याने बोटभर लांबीची मेमरीची पट्टी खाचेत बसवली, दोन्ही बाजूंचे खटके कट्कन लागले. चहा घेतला आणि गेला.

बटण दाबलं. तीन मिनिटं दहा.

पुन्हा. तीन मिनिटं नऊ.

आता माणसाने काय समजावं? तो सांगून गेला ते खरं होतं, असं समजावं. पण थोरलीला आठवलं की वरती गेला तेव्हा त्याने दोनदा चहा घेतला होता. खाली एकदाच. वर हसण्याचे आवाजही आले होते. म्हणजे चांगली पट्टी वर गेली आणि उरलीसुरली खाली आली. एकदा असं ठरलं की पुरावे काय, पायलीभर सापडतात. धाकटीच्या खिडकीत ऊन जास्त वेळ राहतं. तिची खुर्ची करकरत नाही. तिचा नवरा तिला मान दुखते का म्हणून विचारतो.

गुरुवारी सकाळी धाकटी लेकीला घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे गेली. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. थोरलीने आधी आपली नवी पट्टी उपटली, ती पदरात आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, आणि जिना चढली.

चोरी नव्हे ही. अदलाबदल. तिने मनाशी हे तीनदा म्हटलं. धाकटीच्या संगणकाचं झाकण काढलं. पट्टी काढली, आपली तिथे टेकवली. खटका लागला का? लागला असावा. खाली फाटक वाजलं. झाकण बसवलं, स्क्रू पिळले, आणि पायांचा आवाज न करता जिना उतरली.

धाकटीची पट्टी आपल्यात बसवली. झाकणसुद्धा न लावता टायमर हातात घेतला.

बटण

तीन मिनिटं आठ.

मघाशी फाटक वाजवलं होतं ते टपालवाल्याने.

शुक्रवार. साडेदहा वाजले. थोरलीची वीस पानं रवाना झाली होती. पानं चांगली झाली होती, हे तिचं तिला ठाऊक होतं. ती टेबल पुसत होती तेव्हा वरून शिट्टी ऐकू आली. पीऽऽ. पीऽऽ. पीऽऽ. तीन लांब शिट्ट्या, मग काहीच नाही. पुन्हा तीन.

टेबलावर एक स्क्रू पडला होता. तिच्या झाकणाचे चारही जागेवर होते.

धाकटी जिन्यावरून अर्धी खाली आली. केस विस्कटलेले, आवाज कोरडा. "वहिनी, माझा चालूच होत नाहीये. पडदा काळा, आणि नुसता शिट्ट्या मारतोय. काल डॉक्टरांकडून आल्यावर मी कपडे शिवत बसले, त्याला हात लावला नाही, आणि आज हे. सगळी पानं आत आहेत. दुरुस्तीवाला संध्याकाळशिवाय यायचा नाही म्हणतो."

काही करायचं नव्हतं. नुसतं "अरेरे" म्हणायचं आणि टेबल पुसत राहायचं. बारा वाजले असते. सहाशे पानं, झाडं, फुलं, सगळं खालच्या खोलीत उतरलं असतं. थोरलीने फडकं आणखी एकदा फिरवलं. मनातल्या मनात ती पुस्तकाचं पहिलं पान लावूनही मोकळी झाली. डाव्या हाताला चित्र, खाली बारीक अक्षरात नाव.

शिट्ट्या पुन्हा वाजल्या. हे पान धाकटीने कसं लावलं असेल, असं तिच्या मनात आलं, आणि ते पान न बघताच जिंकायचं, याचीही तिला चीड आली.

"चल," ती म्हणाली आणि स्क्रूड्रायव्हरबरोबर तो स्क्रूही उचलला.

झाकण उघडलं. पट्टी एका बाजूने तिरकी, खटका उघडाच. तिने अंगठ्याने दाबली. कट्.

"आता दाब."

टायमर नव्हता, थोरलीने मनात मोजलं. एकवीस. तिची पट्टी, ती उरलीसुरली, टाकाऊ पट्टी आत होती आणि तरी एकवीस. कानफटात बसल्यासारखी ती उभी राहिली.

धाकटीने आधी पानं पाठवली. मग वळून झाकणाकडे पाहिलं.

"तुम्हाला कसं कळलं, पट्टीच आहे म्हणून?"

थोरली झाकण बसवू लागली.

"इथला एक स्क्रू कुठे गेला?"

थोरलीने मूठ उघडून स्क्रू टेबलावर ठेवला.

धाकटीने त्या स्क्रूकडे पाहिलं. "माझी पट्टी तुमच्यात आहे?"

"हो."

"मग? किती लागले?"

"तीन मिनिटं आठ. आधी दहा."

"दोन सेकंद वाचले की," धाकटी म्हणाली. हसली नाही. स्क्रू उचलून स्वतःच पिळू लागली. "डिस्क बदला, वहिनी. आणि यापुढे वर यायचं तर मी असताना या."

पुस्तक धाकटीला मिळालं. तिची पानं सरस होती. थोरलीने ती नंतर पाहिली, एकही ओळ लोंबकळत नव्हती. पट्ट्या मात्र तशाच राहिल्या, याची त्याच्यात आणि त्याची याच्यात. कुणी विषय काढला नाही. डिस्कही थोरलीने अजून बदललेली नाही.

धाकटी रोज नऊ वाजता कामाला बसते. पण नऊला तीन मिनिटं कमी असतानाच तिने मुद्दाम खुर्ची सरकवल्याचा आवाज वरून येतो, आणि थोरली खाली बटण दाबते.